ताप उतरला, धास्ती उतरत नाही

वाचक मैत्रिणीचं पत्र:

नमस्कार डॉक्टर,
मी २९ वर्षांची, सिंहगड रस्त्याला राहते. पहिलटकरीण आहे, सतरावा आठवडा चालू आहे. अकराव्या आठवड्यात सर्दी-खोकला होऊन तीन दिवस १०२ पर्यंत ताप होता. डेंगी-मलेरियाची तपासणी निगेटिव्ह आली. डॉक्टर म्हणाले, फ्लू आहे. पॅरासिटामॉलच्या सहा-सात गोळ्या घेतल्या आणि बरी झाले. मग ओळखीच्या एकींनी सांगितलं म्हणून लॅबमध्ये जाऊन 'टॉर्च' तपासणी (बाळापर्यंत पोचू शकणाऱ्या संसर्गांची रक्ततपासणी) केली. त्यात रुबेला आणि सीएमव्ही (सायटोमेगालोव्हायरस) या विषाणूंपुढे 'पॉझिटिव्ह' आलंय. रिपोर्ट सोबत पाठवते. तेव्हापासून झोप नाही. माझ्या नणंदेचा मुलगा पाच वर्षांचा आहे, त्याला ऑटिझम आहे. तिलाही गरोदरपणात ताप आला होता असं घरात बोलतात. सासूबाई म्हणतात, नको म्हणत असताना बसने ऑफिसला गेलीस, आता भोगा. आईला ताप आला तर बाळाच्या मेंदूवर परिणाम होतो असं मोबाईलवर वाचलं. खरं आहे का? मी घेतलेल्या गोळ्यांनी काही झालं असेल का? आता काही करता येईल का? पुढच्या आठवड्यात नणंद मुलाला घेऊन राहायला येतेय. सासूबाई म्हणतात, त्याला जवळ घेऊ नकोस. काय करू?

उत्तर:

पत्र वाचून झाल्यावर मी आधी तुमचा रिपोर्ट उघडला. तुमची झोप फ्लूने उडाली नव्हती, ती या कागदाने उडवली आहे.

रुबेलापुढे आयजीजी पॉझिटिव्ह, आयजीएम निगेटिव्ह. सीएमव्हीपुढेही तेच. टॉक्सोप्लाझ्मा या परजीवी जंतूला दोन्ही निगेटिव्ह. आयजीजी म्हणजे जंतूशी शरीराची जुनी ओळख. लहानपणी कधीतरी आजार होऊन गेला, किंवा रुबेलाच्या बाबतीत लस घेतली, की ही प्रतिपिंडं रक्तात राहून जातात. आयजीएम ताज्या संसर्गात दिसतं. तुमच्याकडे जुनी ओळख आहे, ताजी नाही. रुबेलासमोरचा तो 'पॉझिटिव्ह' तुमच्या बाजूचा आहे: रुबेलापासून तुम्हाला संरक्षण आहे, आणि तुमच्यामुळे पोटातल्या बाळालाही. सीएमव्हीचं म्हणाल तर आपल्याकडे मूल होण्याच्या वयाला पोचलेल्या बहुतेक सगळ्या बायकांच्या रक्तात ते आयजीजी सापडतं. सासूबाईंचं रक्त तपासलं तरी बहुधा तेच येईल. अकराव्या आठवड्यातला ताप या दोघांपैकी कुणाचा होता असं या कागदावरून दिसत नाही. तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना तो दाखवा आणि त्यांच्या तोंडून हे एकदा पक्कं करून घ्या.

इथे मला थोडं रागाने लिहावं लागतंय. काही लक्षण नसताना, सोनोग्राफीत काही दिसलेलं नसताना, सरसकट गरोदर बायकांची 'टॉर्च' करायची आणि तो कागद कुणी समजावून न सांगता हातात ठेवायचा, हा प्रकार थांबायला हवा. तीस वर्षांत असे कागद घेऊन रडत आलेल्या किती मुली माझ्यासमोर बसल्या असतील! त्यातल्या काहींना जुन्या आयजीजीवर महागडी औषधं सुरू केलेली होती. तुम्हाला कुणी तशी दिली असतील, तर ती कशासाठी आहेत हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा.

रुबेलाचं नाव एवढं धसक्याचं का झालं, त्याला कारण आहे. १९४१ साली सिडनीचे नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांच्याकडे जन्मतःच मोतीबिंदू असलेली बाळं एकामागून एक येऊ लागली. आयांशी बोलताना त्यांच्या लक्षात आलं की दिवस गेल्यावर सुरुवातीच्या काळात यातल्या बहुतेकींना रुबेला होऊन गेला होता. त्यांनी नोंदवलेल्या ७८ बाळांपैकी ६८ जणांच्या आयांची हकीकत अशी होती. आईला अंगावर चार दिवस पुरळ येऊन जाणारा साधा आजार गर्भापर्यंत पोचून डोळे, कान, हृदय, मेंदू यांना इजा करू शकतो, हे तेव्हापासून जगाला कळलं. पुढे १९६४-६५ मध्ये अमेरिकेत रुबेलाची मोठी साथ आली आणि सुमारे २०,००० बाळं त्याच्या खुणा घेऊन जन्मली. त्यांच्यातल्या २४३ मुलांचा अभ्यास न्यूयॉर्कच्या मनोविकारतज्ज्ञ स्टेला चेस यांनी केला. त्यांत ऑटिझमचं प्रमाण नेहमीपेक्षा खूपच जास्त निघालं. गरोदरपणातला संसर्ग आणि ऑटिझम ही दोन नावं शेजारी आली ती इथे.

पण रुबेलाचा विषाणू स्वतः वार (प्लासेंटा) ओलांडून बाळात शिरतो. झिका, सीएमव्ही, टॉक्सोप्लाझ्मा, सिफिलिस हेही तसे शिरू शकतात. साधा फ्लू सहसा शिरत नाही, आईच्या श्वासमार्गातच राहतो. त्यामुळे गरोदरपणात ताप आला की विचारायचा पहिला प्रश्न 'ताप आला का' हा नसतो. ताप कशाचा होता, कितव्या आठवड्यात आला, किती चढला आणि किती दिवस टिकला, हे विचारायचं असतं. रुबेला पहिल्या १२ आठवड्यांत झाला तर दहापैकी आठ-नऊ गर्भांना इजा होऊ शकते आणि तोच विसाव्या आठवड्यानंतर झाला तर क्वचितच. एकाच जंतूबाबत एवढा फरक असतो.

मग मोबाईलवर वाचलेलं सगळं खोटं का? नाही, आणि तुमची समजूत घालण्यासाठी मी तसं म्हणणार नाही. जंतू बाळापर्यंत पोचला नाही तरी आईच्या शरीरात त्याच्याशी जी झुंज चालते तिचे निरोप पोचू शकतात. प्रतिकारशक्तीच्या पेशी एकमेकींना सायटोकाइन नावाच्या रेणूंतून निरोप देतात. कॅलिफोर्नियात पॉल पॅटरसन यांच्या प्रयोगशाळेने गाभण उंदरिणींवर प्रयोग केले. त्यात विषाणू नव्हताच, नुसता विषाणूचा भास करून देणारा पदार्थ टोचला होता. तरी पिल्लं मोठी झाल्यावर इतर उंदरांत कमी मिसळू लागली, आधी हलका आवाज देऊन सावध केलं तरी मोठ्या आवाजाला नेहमीपेक्षा जास्त दचकू लागली. २००७ मध्ये त्यांनी दाखवलं की यामागे इंटरल्यूकिन-६ हा एक निरोप्या मोठा आहे. तो अडवला तर पिल्लं बऱ्याच अंशी नेहमीसारखी वाढतात. हे काम महत्त्वाचं आहे. पण उंदरीण तीन आठवड्यांत विते, आणि तिला टोचलेला डोस मुद्दाम जबर असतो. तिच्यावरून तुमच्या तीन दिवसांच्या फ्लूचं भाकीत निघत नाही.

माणसांचं पाहायचं तर डेन्मार्कसारख्या देशांत प्रत्येक जन्माची आणि प्रत्येक आजाराची नोंद असते. तिथे १९८० ते २००५ या काळात जन्मलेल्या १६ लाखांहून जास्त मुलांचा अभ्यास झाला. गरोदरपणातले सगळे संसर्ग एकत्र धरले तर ऑटिझममध्ये फरक आढळला नाही. पहिल्या तीन महिन्यांत विषाणूसंसर्ग इतका तीव्र झाला की दवाखान्यात दाखल व्हावं लागलं, अशा थोड्या आयांच्या मुलांत मात्र शक्यता सुमारे तिपटीने जास्त दिसली. मोबाईलवर हा 'तिप्पट' एकटाच फिरतो. ऑटिझम साधारण शंभरात एका मुलाला असतो असं धरा. तिप्पट म्हणजे शंभरात तीन, उरलेल्या ९७ मुलांना काही नाही. आणि तुम्ही त्या दाखल झालेल्या बायकांत नव्हताच. तुम्ही घरी होतात, तीन दिवसांत ताप उतरला.

यापुढचं काम स्वीडनमधलं, २०२२ सालचं. माझ्या मते अशा घरांत सगळ्यात आधी सांगायला हवं ते हेच. संशोधकांनी गरोदरपणातल्या संसर्गाबरोबर दिवस जाण्याच्या आधीच्या वर्षातलेही आईचे संसर्ग तपासले. त्या आधीच्या वर्षातल्या संसर्गाचा आणि ऑटिझमचाही तसाच संबंध दिसला. पोटात बाळच नव्हतं तेव्हाचा आजार बाळाच्या मेंदूला कसा इजा करेल? मग त्यांनी एकाच आईची दोन मुलं घेतली, एकाच्या वेळी संसर्ग झालेला, दुसऱ्याच्या वेळी नाही. तशी तुलना केल्यावर ऑटिझमशी दिसणारा संबंध जवळजवळ विरून गेला. म्हणजे दोष बहुतांशी त्या आजाराचा नव्हता. ज्या घरांत आजारपणं जास्त आणि ज्या घरांत ऑटिझमकडे कल जास्त, त्या घरांत आनुवंशिकतेसारखं काहीतरी सामाईक असावं. ऑटिझममध्ये आनुवंशिकतेचा वाटा सगळ्यात मोठा आहे हे आता पाच देशांच्या २० लाख मुलांच्या अभ्यासातूनही पुढे आलं आहे.

तुमच्या घरात आज दोन बायका तापाच्या आरोपाखाली उभ्या आहेत, म्हणून हे एवढं सविस्तर लिहिलं. एक तुम्ही, दुसरी तुमची नणंद. तिच्या पाच वर्षांच्या मुलाकडे बोट दाखवून तुम्हाला घाबरवलं जातं, तेव्हा तिला काय वाटत असेल? तिच्या तापामुळे मूल असं झालं, असं घरात कुणीही म्हणू नये. त्याला आधार नाही. भाच्याला ऑटिझम असला तर तुमच्या बाळाची शक्यता इतरांपेक्षा किंचित जास्त धरतात, तीही तापामुळे नव्हे, नात्यामुळे. बाळाचं लक्षपूर्वक निरीक्षण करायला एवढं कारण पुरेसं आहे. झोप घालवायला नाही.

बसचं तर सोडूनच द्या. फ्लू ऑफिसात मिळतो, लिफ्टमध्ये मिळतो, घरात खोकणाऱ्या पाहुण्याकडून मिळतो. सासूबाईंना हे तुम्ही समजावत बसू नका, तुमचं म्हणणं त्यांना उलट उत्तर वाटेल. हे काम नवऱ्याचं आहे. पुढच्या तपासणीला तो सासूबाईंना बरोबर घेऊन येऊ दे. डॉक्टरांकडून ऐकलेलं त्या मानतील, आणि सोनोग्राफीच्या पडद्यावर नातवंड हलताना दिसलं की त्यांच्या तोंडचा 'भोगा' हा शब्द जाईल. त्यांच्या बोलण्यामागेही एका नातवाची काळजी आहेच.

आता गोळ्या. ताप चढू दिला असता तर ते जास्त वाईट झालं असतं. सहा-सात पॅरासिटामॉलबद्दल मनात अपराधीपण ठेवू नका. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या सरकारकडून गरोदरपणातल्या पॅरासिटामॉलवर शंका घेणारी विधानं झाली आणि आपल्याकडच्या ग्रुपांवर ती फिरली. जागतिक आरोग्य संघटनेने लगेच सांगितलं की असा संबंध सिद्ध झालेला नाही. त्याआधी २०२४ मध्येच स्वीडनच्या सुमारे २५ लाख मुलांचा अभ्यास आला होता. त्यातही सख्ख्या भावंडांची तुलना केल्यावर पॅरासिटामॉल आणि ऑटिझमचा संबंध उरला नाही. पुन्हा ताप आला तर डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेत हीच गोळी घ्या. आयब्युप्रोफेन आणि तशा इतर वेदनाशामक गोळ्या मात्र स्वतःच्या मनाने नकोत, विसाव्या आठवड्यानंतर तर मुळीच नकोत. मेडिकलवाला 'अंगदुखीची' म्हणून तीच देतो, तेव्हा नाव वाचून घ्या.

सुरुवातीच्या दिवसांतला जोराचा ताप बाळाच्या पाठीच्या कण्याच्या घडणीत अडथळा आणू शकतो, हे खरं आहे. पण मज्जारज्जूची ती नळी गर्भधारणेनंतर २८ दिवसांत मिटते. तुमचा ताप त्याच्या बराच नंतरचा.

आता पुढच्या महिन्यात करायचं काम. १८ ते २० आठवड्यांची अ‍ॅनोमली स्कॅन चुकवू नका, आणि अकराव्या आठवड्यात ताप आला होता हे स्कॅन करणाऱ्या डॉक्टरांना टेबलावर झोपण्याआधी सांगा. डोक्याचा घेर, मेंदूतल्या पोकळ्या, मेंदूत कॅल्शियमचे ठिपके आहेत का, पाठीचा कणा, हृदय, हे सगळं ते बघतील. एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगते: ऑटिझम सोनोग्राफीत दिसत नाही, पोटातल्या बाळाचा ऑटिझम सांगणारी कुठलीच तपासणी नाही. कुणी विकायला आलं तर पैसे देऊ नका.

बाळ जन्मलं की दवाखान्यातून घरी निघण्याआधी त्याची श्रवणतपासणी करून घ्या. ओएई म्हणतात तिला, झोपलेल्या बाळाच्या कानात बारीक नळी ठेवून दोन मिनिटांत होते. ती पास झाली नाही तर तीन आठवड्यांच्या आत बाळाच्या लघवीची किंवा लाळेची सीएमव्ही तपासणी करायला सांगा. तीन आठवडे उलटले की संसर्ग पोटात झाला की नंतर, हे ठरवता येत नाही. जुना सीएमव्ही आईच्या शरीरात क्वचित पुन्हा जागा होऊन बाळापर्यंत जातो. बहुतेक बाळांना काहीच होत नाही, पण ऐकू न येणं हा त्याचा मुख्य तोटा आहे आणि लवकर कळलं तर त्यावर उपाय असतात. बोलणं उशिरा येणाऱ्या कितीतरी मुलांच्या बाबतीत मूळ दुखणं कानातच सापडतं.

पुढे दोन महिन्यांच्या आसपास बाळ तुमच्या चेहऱ्याकडे बघून हसायला हवं. नऊ महिन्यांपर्यंत नावाने हाक मारल्यावर वळून बघायला हवं. दीड वर्षापर्यंत 'तो बघ काऊ' असं बोट दाखवून तुम्हाला दाखवायला हवं. बोट दाखवणं मी फार महत्त्वाचं मानते, कारण त्यात मूल आपलं पाहणं दुसऱ्याला वाटून देतं. यात काही मागे वाटलं तर 'आमच्याकडे मुलगे उशिरा बोलतात' यावर एक महिनाही घालवू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून आहे, त्याखाली जिल्हा पातळीवर शीघ्र निदान केंद्रं असतात, तिथे तपासणी मोफत होते.

आणि आपल्या पुण्याचं. झिकाचा महाराष्ट्रातला पहिला रुग्ण २०२१ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, पुरंदर तालुक्यातल्या बेलसरला सापडला. २०२४ च्या पावसाळ्यात एरंडवण्यापासून सुरुवात होऊन शहरात रुग्ण निघाले, त्यात गरोदर बायकाही होत्या. २०१५ मध्ये ब्राझीलमध्ये लहान डोक्याची बाळं जन्मली ती याच विषाणूमुळे. तुमच्या तापात सर्दी-खोकला होता, झिकात सहसा पुरळ, लाल डोळे, सांधेदुखी असते, म्हणून तो झिका असण्याची शक्यता मला कमी वाटते. पण यापुढे अंगावर पुरळ येऊन ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. नमुना राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेकडे पाठवायचा असला तर पहिले दिवस महत्त्वाचे असतात. झिका पसरवणारा डास दिवसा चावतो आणि स्वच्छ पाण्यात वाढतो. फ्रिजच्या मागचा ट्रे, गॅलरीतल्या कुंड्यांखालच्या बशा, सोसायटीच्या गच्चीवरची झाकण नसलेली टाकी, हे सगळं नवऱ्याने दर रविवारी बघायचं.

पाणी उकळूनच प्या. सिंहगड रस्त्याला राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. २०२५ च्या जानेवारीत नांदेडगाव, किरकटवाडी, धायरी भागात जीबीएसचे (गिया-बारे सिंड्रोम, नसांवर हल्ला करून हातपाय लुळे पाडणारा आजार) रुग्ण वाढले आणि दूषित पाण्याकडे बोट गेलं, तेव्हापासून तिकडे घराघरांत पातेली चढू लागली. गरोदर बाईसाठी आणखी एक कारण आहे: दूषित पाण्यातून होणारी हिपॅटायटिस ई ही कावीळ शेवटच्या तीन महिन्यांत आईच्या जिवावर बेतू शकते. तुमचा टॉक्सोप्लाझ्मा निगेटिव्ह आहे, म्हणजे त्याच्याविरुद्ध संरक्षण नाही. त्यामुळे कोथिंबीर-पालेभाजी नीट धुऊन, मटण पूर्ण शिजवून खा आणि मांजराची घाण दुसऱ्या कुणाला काढू द्या. लघवीला जळजळ झाली तर लाजून अंगावर काढू नका. मूत्रमार्गाचा संसर्ग तसाच राहिला तर कळा लवकर सुरू होऊ शकतात, आणि वेळेआधी जन्मणं हा बाळाच्या मेंदूला असलेला खरा, मोठा धोका आहे. फ्लूची लस गरोदरपणात कधीही चालते, ती घेतली का ते पत्रात नाही, डॉक्टरांना विचारा. रुबेलाची लस मात्र गरोदरपणात देत नाहीत, आणि तुम्हाला तिची गरजही नाही.

दोन आठवडे झाले तरी रात्री दोन-तीनला जाग येऊन छाती धडधडत असेल, जेवण जात नसेल, तर तेही डॉक्टरांना सांगायचं दुखणं आहे. टेली मानसच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.

राहिला भाचा. ऑटिझम संसर्गाने होत नाही, स्पर्शाने होत नाही, सावलीने होत नाही. त्याला जवळ घ्या. फक्त त्याचं उष्टं खाऊ नका, त्याने अर्धवट खाल्लेला पेढा तोंडात टाकू नका, आणि शी-शू, नाक पुसणं झालं की साबणाने हात धुवा. लहान मुलांच्या लाळेतून आणि लघवीतून सीएमव्ही पसरतो, आणि ही काळजी कुठल्याही पाच वर्षांच्या मुलाच्या बाबतीत घ्यायची असते. ऑटिझम असलेल्या काही मुलांना अचानक मिठी मारलेली सोसत नाही, तेव्हा तो कसा भेटतो ते नणंदेला आधी विचारा. तिला तुमच्या घरात असं विचारणारं कुणी कदाचित नसेल. आणि आठवडाभरात त्याला वाटलं तर तुमच्या पोटावर हात ठेवू द्या. अठरावा आठवडा म्हणजे बाळाची हालचाल जाणवू लागण्याचेच दिवस आहेत.